गाडी काळी करायची तर आधी पत्रा सरळ हवा

संध्याकाळी शेडमध्ये एकच ट्यूबलाइट लावा. काळ्या गाडीच्या दारापासून चार पावलं मागं सरा, जरा वाका आणि पत्र्यात पडलेलं ट्यूबचं प्रतिबिंब बघा. पत्रा सरळ असेल तर पांढरी रेघ सुतात जाते. नसेल तर ती हँडलखाली जाड होते, मध्येच मुरडते, चाकाच्या कमानीपाशी तुटून तिच्या दोन रेघा होतात. हीच गाडी कालपर्यंत क्रीम रंगाची होती तेव्हाही हे सगळं तिथंच होतं, फक्त कुणाला दिसत नव्हतं. काळा रंग चहाडखोर. खाली तुम्ही काय करून ठेवलंय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटतो.

म्हणून हा लेख रंग मारण्याबद्दल नाही, स्प्रे गन हातात घेण्याआधीच्या कामाबद्दल आहे. मी पेंटर नाही. मिरजेजवळच्या आमच्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी हात काळे करणारा माणूस आहे. हे काम शिकवलं ते एका निवृत्त पेंटरनं. वय सत्तरच्या पुढं, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. गाडी होती मामांची १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली आणि त्यानंतरचं सगळं आयुष्य दादरला रस्त्यावर उभी राहून काढलेली. ती काळी करणार म्हटल्यावर मामी म्हणाल्या, "काळी? अरे, लोक हात दाखवून थांबवतील तुला!" मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तरी सवय कुठं जाते. छप्पर पिवळं करणार नाही एवढं वचन देऊन मी सुटलो.

त्याच्याही आधी एक जुनी हॅचबॅक मी एका गॅरेजमध्ये सहा दिवसांत काळी करून घेतली होती. घरी आणली तेव्हा आरशासारखी होती. एप्रिलचं ऊन महिनाभर खाल्लं आणि पुट्टीच्या प्रत्येक ठिगळाची कड वर आली. दारावर नकाशातल्या बेटांसारखे आकार. पेंटरनं घाई केली हे खरं, पण "लग्नाआधी पाहिजे" म्हणून त्याच्या मागं लागलो होतो मी.

आधी कागद

आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. रंग बदलायचा तर आधी आरटीओत विचारा, परवानगी घ्या, काम झाल्यावर नोंद करून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. जुन्या गाडीची नोंदणी वाढवून घ्यायची वेळ जवळ आली असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण तपासणीत गाडी एका रंगाची आणि कागद दुसऱ्या रंगाचा निघाला तर खेटे तुम्हालाच घालावे लागतात. गडद म्हणजे काळाच हवा असं नाही. गडद निळा, मरून, बाटलीचा हिरवा, सगळ्यांना पुढचं सगळं लागू आहे. फक्त ऑलिव्ह ग्रीनच्या मोहात पडू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१व्या नियमानं तो रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवलाय.

जुना रंग ठेवायचा की काढायचा

हा निर्णय सगळ्यात आधी, कारण कामाचे दिवस यावर ठरतात. कंपनीचा मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो. त्यावर एकदा रंग झाला असेल तर हा आकडा दुप्पट होतो. रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटर ऑनलाइन मिळतं. नसेल तर फ्रिजवरचं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथं ते धरत नाही तिथं खाली पुट्टीची भाकरी थापलेली आहे असं समजा. आमच्या पद्मिनीच्या डाव्या मागच्या फेंडरवर तळहाताएवढ्या जागेत चुंबक सरळ खाली पडलं. खरडलं तर सहा-सात मिलिमीटर पुट्टी निघाली, आणि तिच्याखाली गंज.

दुसरी परीक्षा थिनरची. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये बुडवलेलं पांढरं फडकं एखाद्या कोपऱ्यात अर्धा मिनिट दाबून धरा. रंग फडक्यावर उतरला तर तो जुना, विरघळणारा रंग आहे. त्यावर आजचा हार्डनरवाला, म्हणजे कडक करणारं रसायन मिसळायचा, माल मारला की खालचा थर फुगून सुरकुत्या पडतात. तसा रंग काढावाच लागतो. फडकं कोरडं-पांढरं राहिलं, रंग कुठं फुगलेला-तडकलेला नाही, आणि जाडीही हाताबाहेर गेलेली नाही, तर तो घासून तसाच ठेवा. कंपनीनं मारलेल्या तळाइतका चांगला तळ शेडमध्ये होत नाही. "सगळं पत्र्यापर्यंत काढू" हा उत्साह बऱ्याचदा उगाच असतो.

काढायचाच असेल तर मोठ्या सपाट भागांवर, म्हणजे बोनेट, छत, दारं यांवर, वाळूचा मारा करून घेऊ नका. त्यानं पत्रा ताणून वेडावाकडा होतो आणि मग ते निस्तरायला आणखी पुट्टी लागते. ८० नंबरचा पॉलिश पेपर लावलेलं सँडर सावकाश फिरवा, एका जागी रेंगाळू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा धुळीचा मास्क लावा आणि पोरंबाळं शेडपासून लांब ठेवा.

आणखी एक प्रश्न आताच सोडवा: दाराच्या चौकटी, बोनेटची आतली बाजू, डिकी. पांढऱ्या किंवा क्रीम गाडीचा बाहेरचा भाग तेवढा काळा केला तर दार उघडलं की कोटाखालचा बनियन दिसावा तसं दिसतं. माझं मत विचाराल तर चौकटी करायच्या नसतील तर रंगच बदलू नका, जुन्याच रंगात गाडी नवी करा.

उघडणे

लाइट, आरसे, हँडल, वायपर, ग्रिल, क्रोमच्या पट्ट्या, बंपर, नंबरप्लेट, दरवाज्याचे रबर, सगळं उतरवा. "टेप लावून भागवू" असं ज्या ज्या वस्तूबद्दल वाटतं, तिच्याच कडेनं दोन वर्षांत रंग सुटायला लागतो. प्रत्येक स्क्रू चेनवाल्या पिशवीत, पिशवीवर मार्करनं नाव, आणि उतरवायच्या आधी मोबाइलवर फोटो. मी पहिल्या दिवशी आळस केला आणि मागच्या लाइटचे चार आणि क्रोमपट्टीचे सहा स्क्रू एकाच डब्यात टाकले. जोडताना अख्खा रविवार त्यात गेला.

काचेचे रबर काढायची हिंमत नसेल, किंवा नवे मिळायची खात्री नसेल (पद्मिनीच्या बाबतीत हा प्रश्न खराच आहे), तर एक युक्ती. बारीक सुतळीपेक्षा थोडी जाड, गुळगुळीत दोरी रबराच्या ओठाखाली सरकवत काचेभोवती फिरवा. ओठ वर उचलला जातो आणि रंग त्याच्या खालपर्यंत पोचतो. काम झालं की दोरी ओढायची, रबर बसतं, कड दिसत नाही.

धुणे, आणि खोबरेल तेल

इथं बहुतेक जण क्रम चुकवतात. आधी घासतात, मग पुसतात. गाडीवर वर्षानुवर्षं मेण, पॉलिश, डांबराचे थेंब, टायर चकाकवायचं सिलिकॉन बसलेलं असतं. ते न काढता पेपर फिरवला की ते ओरखड्यांत दाबून बसतं आणि मग निघत नाही. रंग मारताच ओल्या थरात गोल खड्डे उमटतात, ज्यांना गॅरेजात माशाचे डोळे म्हणतात. तेव्हा पहिल्यांदा भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यानं गाडी धुवा, वाळवा, मग डी-ग्रीझर, म्हणजे तेलकटपणा काढणारं द्रावण. हे दोन फडक्यांचं काम आहे. एका हातातल्या ओल्या फडक्यानं दीड-दोन फूट भाग भिजवायचा आणि तो वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं पुसायचा. वाळू दिलं तर तेल हललं नाही, फक्त पसरलं.

धुतल्यावर पत्र्यावर पाणी ओता. पाणी एकसारखं पसरून चादरीसारखं राहिलं तर पत्रा स्वच्छ. थेंब-थेंब होऊन फाटलं तर तिथं अजून तेलकटपणा आहे.

आणि हात. आपण डोक्याला तेल लावतो, कपाळ पुसतो, तोच हात बोनेटवर ठेवतो. चाचा शेडमध्ये पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला दारातच विचारायचे, "तेल लावलंस का रे?" मी हसायचो. पुढं प्रायमरच्या पहिल्या कोटात छताच्या मधोमध चार बोटांच्या खुणा फुटल्या तेव्हा हसू थांबलं. या दिवसापासून शेवटपर्यंत नायट्राइलचे हातमोजे वापरा.

गंज

मुंबईची किंवा कोकणातली गाडी असेल तर बाहेरून दिसतो त्याच्या दुप्पट गंज आत असतो. कुठं शोधायचा: दारांच्या खालच्या कडा (पाणी जायची भोकं चिखलानं बुजलेली असतात), चाकांच्या कमानींचे आतले ओठ, बॅटरीखालचा ट्रे, डिकीतल्या मॅटखाली, आणि पुढच्या काचेच्या खालची पन्हळ. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं टोचून बघा. आत गेला तर तो पत्रा उरलेला नाही.

भोक पडलेल्या जागी पुट्टी भरायची नाही, फायबरची जाळी चिकटवायची नाही. चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं आणि तेवढाच तुकडा वेल्ड करायचा. वेल्डिंग सलग ओढू नका. एक टाका इथं, दुसरा लांब तिथं, मध्ये थंड होऊ द्या, नाहीतर उष्णतेनं पत्रा वळतो. वरवरचा गंज मात्र तारेच्या ब्रशनं आणि ८० नंबरनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढा. बारीक खड्ड्यांत काळे ठिपके उरतात, त्यांच्यावर फॉस्फरिक आम्लाचं गंजनाशक लावा, डब्यावर लिहिलंय तितका वेळ ठेवा, मग सांगितल्याप्रमाणे धुवून पूर्ण कोरडं करा. आम्ल शिल्लक राहिलं तर वरचा थर धरत नाही.

पोचे

पत्रा ठोकणाऱ्या टिंकरचं काम आणि पेंटरचं काम यांच्यात जी ओढाताण असते तिचा सगळा तोटा गाडीला होतो. टिंकर म्हणतो, "बाकीचं पुट्टीत जाईल." पुट्टीत जाईल, पण काळ्या रंगात बाहेर येईल. हातोडी आणि डॉलीनं (पत्र्यामागं धरायचा लोखंडी ठोकळा) पत्रा शक्य तितका जागेवर आणा, आणि पुट्टी एका सुतापेक्षा, म्हणजे साधारण तीन मिलिमीटरपेक्षा, जाड कुठंच लागता कामा नये. पत्रा दाबला की डबडब करत आत-बाहेर होत असेल तर तो ताणला गेलाय. तो आवळायला कसलेला टिंकर हवा. अशा जागी पुट्टी थापली की पहिल्याच खड्ड्यात तडकते.

एपॉक्सी, मग पुट्टी

उघडा पत्रा आपल्या हवेत एका रात्रीत तांबूस होतो. म्हणून घासून, डी-ग्रीझ करून त्याच दिवशी त्यावर एपॉक्सी प्रायमर जायला हवा. तो पाणी आत जाऊ देत नाही आणि पुट्टीला चांगली पकड देतो. वाळल्यावर १८० नंबरनं घासून पुट्टी. वॉश प्रायमर किंवा एच प्रायमर म्हणून मिळणाऱ्या आम्लवाल्या प्रायमरवर पुट्टी लावू नका. त्यातल्या आम्लामुळं पुट्टी नीट पिकत नाही.

पॉलिएस्टर पुट्टीत हार्डनर वजनानं दोन ते तीन टक्के. अंदाजानं पिळणारे सगळे जण जास्तच पिळतात, कारण लवकर वाळलेलं बरं वाटतं. जास्त हार्डनर वरच्या रंगात झिरपून डाग पाडतो, कमी झाला तर पुट्टी चिकट राहते. मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा शेडमध्ये आणला. तो आता शेडमध्येच आहे, घरी नवा घ्यावा लागला.

कालवताना भज्याचं पीठ फेटल्यासारखं फेटू नका. हवा अडकते आणि घासल्यावर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडतात. जुन्या टाइलवर पुट्टी घ्या आणि पत्तीनं दाबत, पसरत, परत गोळा करत एकरंगी करा. उन्हाळ्यात हातात चार-पाच मिनिटंच असतात, तेव्हा अर्ध्या दारापुरतीच कालवा. पहिला हात पातळ आणि जोरानं दाबून, दुसरा भरीव. ठिगळ पोच्यापेक्षा चारही बाजूंनी वीतभर मोठं लावा. काळ्या रंगात छोटं ठिगळ म्हणजे छोटा उंचवटा.

पुट्टी पाण्यानं घासू नका. ती पाणी पिते, ते पाणी पत्र्यापाशी जाऊन बसतं आणि दोन पावसाळ्यांत रंगाखाली फोड येतात. आपल्याकडे नळी सोडून पुट्टी घासायची पद्धत आहे, धूळ उडत नाही म्हणून. धूळ उडू दे, मास्क लावा.

ठोकळा

आता या सगळ्या कामाचा जीव. बोटांनी पेपर धरून घासलं की बोटांच्या मध्ये जोर कमी पडतो आणि पत्र्यावर चार चर उमटतात. डोळ्यांना दिसत नाहीत, तळहाताला जेमतेम लागतात, पण काळ्या रंगात त्या लाटा होतात. म्हणून पेपर नेहमी ठोकळ्यावर. ठोकळा जितका लांब तितका पत्रा सरळ, कारण लांब ठोकळा खळग्यावरून तरंगत जातो, आजूबाजूचे उंचवटे कापतो. छोटा ठोकळा खळग्यात उतरून त्याला आणखी खोल करतो.

चाचांकडे रंधा मारलेली दीड फुटी सागवानी पट्टी होती. वापरून वापरून कडा गोल झालेल्या, मधला भाग हाताच्या घामानं काळपट. बोनेट, छत, दारं याच पट्टीवर. फेंडरच्या गोलाईला थोडा वाकणारा रबरी ठोकळा, आणि आतल्या वळणांना पाण्याच्या पाइपचा तुकडा. दिशा तिरकी: डावीकडून उजवीकडे वर, मग उजवीकडून डावीकडे वर, फुलीसारखी. सरळ पुढं-मागं घासलं की नाली पडते. हाताचा भार पट्टीच्या वजनाएवढाच. पेपर कापायचा थांबला की जोर लावायचा नाही, पेपर बदलायचा. पेपरावर पैसे वाचवणारे पुट्टीवर घालवतात.

नंबरांचा क्रम असा: पुट्टीचा आकार आणायला ८०, मग १८०, आणि ठिगळाच्या कडा आजूबाजूच्या रंगात विरघळवायला ३२०. मधलं पान गाळू नका. ८० चे ओरखडे ३२० नं गेले असं वाटतं. ते फक्त प्रायमरखाली लपतात आणि प्रायमर आकसला की वर येतात.

सरळपणा बघायला डोळे वापरू नका. हातात सुती मोजा किंवा पातळ फडकं घ्या आणि अख्खा तळहात टेकवून लांबीच्या दिशेनं सावकाश फिरवा, चांगल्या पत्र्यावरून सुरुवात करून ठिगळावरून पलीकडच्या चांगल्या पत्र्यावर. उघड्या हाताची कातडी पत्र्याला चिकटते, फडक्यानं ती सुटते आणि खाच-उंचवटा कळतो. पहिल्या दिवशी मला काहीच लागलं नाही. चाचांनी माझा हात धरून उजव्या दारावरून फिरवला, एका जागी थांबवला. "इथं. कळलं?" नाही म्हटलं. त्यांनी परत फिरवला. तिसऱ्यांदा कळलं: रुपयाच्या नाण्याएवढा खळगा, नखाच्या जाडीचाही नाही.

पद्मिनीच्या मागच्या फेंडरवरची उभारलेली कड म्हणजे स्वतंत्र डोकेदुखी. कडेवरून ठोकळा फिरवला तर ती बोथट होते. कडेच्या रेषेवर मास्किंग टेप लावा, एका बाजूनं टेपपर्यंत घासा, मग टेप काढून दुसऱ्या बाजूला लावा आणि पहिली बाजू झाका. दोन पृष्ठभाग वेगवेगळे सपाट झाले की कड आपोआप धारदार राहते.

सरफेसर आणि गाइड कोट

पुट्टी झाल्यावर अख्ख्या गाडीवर हार्डनर घालायचा टू-के सरफेसर (घासून सपाट करायचा जाड प्रायमर), दोन-तीन भरीव कोट, दर दोन कोटांमध्ये डब्यावर सांगितलेला वेळ, सहसा दहा-पंधरा मिनिटं. स्वस्तातला एनसी प्रायमर आणि एनसी पुट्टी गडद रंगाखाली नकोच. ते महिनोन् महिने आकसत राहतात. माझ्या हॅचबॅकवरची बेटं बहुधा त्यातूनच आली होती.

या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसात गेलं की दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याचं वावडं झालं की पुढं आयुष्यभर थोड्याशा वाफेनंही त्रास होतो. तोंडाला रुमाल, दवाखान्यातला मास्क, धुळीचा मास्क, काहीही त्या वाफा अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हाच खरा. माझ्याकडे तो नाही, म्हणून गनचं प्रत्येक काम मी सांगलीतल्या रंगाच्या बूथमध्ये दिलं. लाइट नसलेली, ग्रिल नसलेली, राखाडी ठिपक्यांची गाडी टोचन लावून तीनदा नेली-आणली. रस्त्यातल्या लोकांनी अपघाताची चौकशी केली.

सरफेसर राखाडीच पण गडद घ्या. काळ्याखाली फिकट तळ असेल तर झाकायला एक कोट जास्त लागतो, आणि पुढं दगड उडून टवका गेला की पांढरा ठिपका लांबून दिसतो.

वाळल्यावर गाइड कोट: काळ्या स्प्रे कॅनचा लांबून मारलेला अगदी विरळ फवारा, मिरपूड भुरभुरल्यासारखा. मग लांब ठोकळ्यावर ३२० घेऊन कोरडं घासायचं. उंच भाग लगेच राखाडी होतो, खळग्यात काळं तसंच राहतं. तोच तुमचा नकाशा. काळा ठिपका जाईपर्यंत फक्त तिथंच घासायचा मोह होतो, तो आवरा. त्यानं खळगा रुंद होतो. ठोकळा अख्ख्या भागावरच फिरला पाहिजे. आजूबाजूला एपॉक्सी किंवा पत्रा दिसायला लागला आणि खळग्यात अजून काळं आहे, तर थांबा. तिथं थोडी बारीक पॉलिएस्टर पुट्टी किंवा सरफेसरचा आणखी एक फेर, आणि पुन्हा गाइड कोट. आमच्या छताला दोन फेर लागले, दारांना तीन. डिकी पहिल्याच फेरात बसली, का ते अजून कळलेलं नाही.

मग थांबा. दुसऱ्या दिवशी सगळं कडक लागतं, पण आतला थिनर बाहेर पडत असतो आणि थर बसत असतो. आम्ही गाडी आठ दिवस दिवसा उन्हात आणि रात्री शेडमध्ये ठेवली. काळी झाल्यावर ती मे महिन्यात हात ठेववणार नाही इतकी तापणार. जे आकसायचं ते आताच आकसू दे. आठवड्यानं पुन्हा गाइड कोट मारला तेव्हा डाव्या दारावर ठिगळाची कड पुसट उमटलेली होतीच.

हंगाम

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत धरा. पावसाळ्यात कंप्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, हवेबरोबर गनमधून बाहेर येतं आणि थराखाली अडकतं. टाकीचा खालचा कॉक रोज सकाळी उघडून पाणी काढा. थंडीत पहाटे पत्र्यावर दव असतं, ऊन चढल्याशिवाय काही मारू नका.

शेवटचा हात

४०० कोरडा, मग ६०० पाण्यात. पुट्टी आता सरफेसरखाली बंद आहे, तेव्हा पाणी चालतं. पण जिथं घासताना पुट्टी किंवा पत्रा उघडा पडलाय तिथं आधी प्रायमरचा हात मारा. बेस-क्लिअर पद्धतीचा (खाली रंग, वर पारदर्शक चकाकीचा थर) काळा असेल तर ८०० पर्यंत जा, नाहीतर ओरखडे बेसमधून उन्हात दिसतात. एकाच डब्यात रंग आणि चकाकी असलेला जुन्या धर्तीचा काळा असेल तर ६०० पुरतो. साधा काळा सगळ्यात कडक परीक्षक. धातूची चमक मिसळलेला गडद रंग थोडं सांभाळून घेतो. आपल्या ठोकळ्यावर विश्वास नसेल तर तो घ्या, त्यात कमीपणा नाही.

चौकटी, कोपरे, हँडलच्या खोबणी राखाडी स्कॉच-ब्राइटनं घासा. एखादी जागा चकचकीत राहिली तर तिथूनच रंग सोलून निघेल. प्लास्टिकचे बंपर असतील तर त्यांना प्लास्टिक प्रायमर वेगळा लागतो. पद्मिनीचे लोखंडी, क्रोमचे, त्यामुळं मी सुटलो.

मास्किंगला वर्तमानपत्र नको. थिनरनं शाई उतरते, कागदाचे तंतू ओल्या काळ्यावर बसतात आणि काळ्यावर बसलेला एकेक तंतू मोजता येतो. मास्किंग पेपर घ्या. टेप लावून गाडी चार-चार दिवस उन्हात ठेवू नका, गोंद मागं राहतो.

रंगाला पाठवायच्या आदल्या संध्याकाळी शेडमधले दिवे घालवून आम्ही एकच ट्यूब ठेवली. चाचांनी डी-ग्रीझरचं ओलं फडकं डाव्या दारावरून एका दमात फिरवलं. ओला सरफेसर पाच-दहा सेकंद चमकतो, जणू काळा रंग मारलाय, आणि तेवढ्यात बघून घ्यायचं. रेघ हँडलपासून निघाली, सरळ गेली, मागच्या कडेपाशी किंचित लवली.

"चाचा, एवढं चालेल?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. खिशातली पेन्सिल काढून लवलेल्या जागी फुली मारली आणि पट्टी माझ्या हातात दिली.